एका बाईचे दोन आवाज

गार्गी प्रधान मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर एकटीच राहायची. कंपनीने अंधेरीचं ऑफिस बंद करून सगळ्यांना घरूनच काम करायला सांगितलं, तेव्हा ती खूश झाली होती. त्याला दोन वर्षं झाली.

कंपनी कानाची यंत्रं बनवायची. पंख्याची घरघर एकीकडे आणि माणसाचं बोलणं दुसरीकडे काढायला कम्प्युटरला शिकवणं हे गार्गीचं काम. शिकवायला सुटे, स्वच्छ आवाज नव्हतेच. होती ती लोकांच्या घरांतली गोंगाटाची रेकॉर्डिंग. त्यातली दोन एकत्र मिसळायची, मॉडेलने, म्हणजे शिकणाऱ्या प्रोग्रॅमने, त्यांचे चार ट्रॅक, म्हणजे आवाजाच्या चार सुट्या पट्ट्या, करायचे, आणि ते जुळवून मूळची दोन रेकॉर्डिंग परत उभी राहतात का, ते बघायचं.

तीन आठवडे चुकांचा आकडा रोज उतरत होता. पण ऐकायला बसलं की एकाच बाईचं बोलणं दोन ट्रॅकवर फाटलेलं. ‘भाजी’ इकडे, ‘आणलीस का’ तिकडे.

“आकडा उतरतोय ना? मग झालं की!” बोरिवलीहून यज्ञेश फोनवर म्हणाला. तो तिच्याच टीममधला.

“अरे, बाईचे दोन तुकडे होतायत. यंत्र लावणाऱ्याने काय ऐकायचं?”

“बघ मग तूच,” म्हणून त्याने फोन ठेवला.

गार्गीने ट्रॅक कमी केले, शिकण्याचा वेग कमी केला. फरक शून्य. शेवटी तिने ठरवलं, ज्यात काय आहे ते आपल्याला पक्कं माहीत आहे असं, स्वतःच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग द्यायचं. माइकसमोर तोंड उघडलं तर घशातून खरखर आली. शनिवारपासून ती कुणाशी बोललीच नव्हती, आणि आज मंगळवार होता. यज्ञेशचा फोनही गेल्या आठवड्यातला.

दुसरा आवाज आणायचा कुठून? तिने स्वतःचीच दोन वाक्यं एकावर एक चढवली. मॉडेलने ती झटक्यात वेगळी केली, जणू दोन बायकाच बोलत होत्या.

गार्गी चपापली. एका माणसाची दोन माणसं करायला हे शिकलं कुठे? तिने मिसळलेल्या जोड्यांची यादी उघडली आणि कपाळावर हात मारला. जोड्या लावणारा प्रोग्रॅम एकाच घरातल्या रेकॉर्डिंगचे दोन तुकडे उचलून मिसळत होता. तीच बाई दोन्हीकडे. मग दोन्ही तुकडे परत उभे करायला मॉडेल बिचारं तिला फाडणारच. जोडीत कायम वेगवेगळी घरं येतील अशी तिने एक ओळ बदलली आणि शिकवणं पहिल्यापासून सुरू केलं. त्याला तीन दिवस लागणार होते.

तोवर चाचणीसाठी दुसरं माणूस हवं होतं. माइक घेऊन ती दुसऱ्या मजल्यावर लताताईंकडे गेली. जिन्यात हसण्यापलीकडे दोघींची ओळख नव्हती.

“काय बोलू गं?”

“काहीही. मी पेपर वाचते, तुम्ही मध्येच बोलत राहा.”

लताताई दहा मिनिटं बोलत राहिल्या. गार्गीचं लक्ष वाचण्यात होतं.

शुक्रवारी मॉडेल तयार झालं. लताताईंचा आवाज एका ट्रॅकवर सलग, स्वच्छ आला. गार्गीने तो पहिल्यांदाच नीट ऐकला. “...वरून कधी भांड्याचाही आवाज येत नाही. जेवतेस ना गं वेळेवर? ये की एकदा.”

तिने यज्ञेशला फाइल पाठवली. ‘झकास’ एवढंच उत्तर आलं.

मग ती खाली गेली. दाराला कुलूप होतं. शेजारच्या शकुमावशी म्हणाल्या, “लता काल लेकीकडे गेली, नागपूरला. दोन महिने तरी येत नाही आता.”

“बरं,” गार्गी म्हणाली. मग ती जिना चढून वर आली आणि एकटीपुरता कुकर लावला.