पुढे सरकवलेलं ताट

भाऊ जाऊन पाच आठवडे झाले. त्याची खाट अजून पुढच्या खोलीतच आहे. ती उचलायला दोन माणसं लागतात, आणि दोन माणसांना जाऊन सांगावं एवढा जोर माझ्यात नाही. खाटेच्या कडेला खुर्ची टाकून हे लिहिते आहे. दिवसाला चार-पाच ओळी होतात.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस. त्याआधी पाळकसाहेब दर वेळी सांगतात, भावाशी बिनसलं असेल तर आधी ते मिटवा, मग भाकर घ्या. सगळे मान खाली घालून ऐकतात. अकरा वर्षं मीही ऐकलं, आणि भाकरीच्या तुकड्यांचं ताट हातात आलं की तसंच पुढे सरकवलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना याची इतकी सवय झाली होती की त्यांचा हात आधीच पुढे आलेला असायचा. एकदा बाहेर चपला शोधताना त्या म्हणाल्या, "बाई, ताट असं ढकलतासा, जणू कालवणात मीठच जास्त झालंय." मी हसून वेळ मारून नेली. दारुड्या भावावर राग आहे, असं लोकांना वाटायचं. मी तसं वाटू दिलं.

खरी गोष्ट वेगळी होती. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मलकापुरात ट्रक दुरुस्त करायचा, प्यायचा, आणि बोलायचा ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. मी शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेली. शेवटच्या दुखण्यात आई रोज त्याच्याबद्दल विचारायची. मी फोन केला असता तर तो त्याच दिवशी आला असता. मी पत्र लिहिलं. चार ओळी, सुवाच्य अक्षरात. त्याचा आवाज ऐकायचा नव्हता म्हणून. पत्र पोचायचं तेव्हा पोचलं. आईला मातीत ठेवून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला, हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन.

"अक्का, आईला रस काढून दे की."

"उशीर केलास," मी म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

राग त्याच्यावर नव्हताच. म्हणजे होता, पण त्याच्या आड मी माझं पत्र लपवून ठेवलं होतं.

गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यातून त्याच्या गॅरेजमधल्या दोघांनी त्याला जीपमधून मंगळवार पेठेत, माझ्या दारात आणलं. त्यातला एक म्हणाला, "बाई, तुमचंच माणूस हाय न्हवं? आमच्याकडं बघायला कोण न्हाय." मी खाट आत घ्यायला सांगितली. माया वगैरे काही दाटून आली नव्हती. नाही कसं म्हणायचं, एवढंच सुचलं.

त्याची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. दोनच शब्द राहिले होते, "व्हय की." औषध घेतोस? व्हय की. कडू आहे? व्हय की. एका दुपारी त्याला आंबील भरवता भरवता मी पत्राचं सांगून टाकलं. "आईच्या वेळी मी मुद्दाम फोन केला नाही. चूक माझी होती." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "व्हय की." मग पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं. त्याला कळलं की नाही, मला कधीच समजलं नाही.

त्याला गिळायला त्रास व्हायचा. सगळं पातळ करून, थोडं थोडं द्यावं लागे. भरवताना मी "आ" म्हणायची आणि माझंही तोंड उघडायचं. शेजारीण दारातून ओरडायची, "अक्का, घास त्याला हाय का तुम्हाला?" तोही अर्ध्या तोंडानं हसायचा. कधी कधी डाव्या हातानं स्वतः खायला जायचा, तेव्हा घास गालाला लागायचा, नाहीतर उशीवर पडायचा.

थंडीत पाळकसाहेब त्याला प्रभुभोजन द्यायला घरी आले. मी आधीच सांगितलं, "त्याला द्या. मला नको." ते "बरं" म्हणाले. त्यांनी प्रार्थना केली, भाकरीचा तुकडा माझ्या हातात दिला. तो त्याला मोठा होता. मी अर्धा केला. एक अर्धा तुकडा त्यानं डावा हात पुढे करून घेतला. दुसरा मी द्राक्षरसात भिजवत होते. सवयीनं "आ" म्हणाले. माझंही तोंड उघडलं.

त्याचा डावा हात वर आला आणि त्यानं आपला तुकडा माझ्या तोंडात ठेवला.

नेम चुकला असेल. त्याचा नेहमीच चुकायचा. पण तोंडातली भाकर थुंकून कशी टाकणार? मी ती चावली. अकरा वर्षांनी ती चव लागली, तशी काही विशेष नसते, पावासारखीच. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पाळकसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. मग मी भिजवलेला तुकडा त्याला भरवला, आणि तो म्हणाला, "व्हय की."

देवाची कृपा हा शब्द मी लहानपणापासून म्हणत आले. मी मिटवेन, लायक होईन आणि मग हात पुढे करेन, असंच मनात धरून बसले होते. लायक काही झाले नाही. मला ती कृपा एका लुळ्या माणसाच्या हातून, मी नको म्हटल्यावर मिळाली. त्यानं नेम धरून दिली असो की चुकून, देणारा तोच होता ज्याच्यावर मी दार लावलं होतं. आणि त्याच्या हातामागे आणखी कोणी होता, असं मी मानते. यापलीकडे मला सांगता येत नाही. देवाचे आभार मोठ्यानं मानायला लागते तेवढी ताकदही सध्या नाही.

काल महिन्याचा पहिला रविवार होता, भाऊ गेल्यानंतरचा दुसरा. पहिल्या वेळी मी गेलेच नव्हते. पाळकसाहेबांनी नेहमीचं सांगितलं. आता मिटवायला भाऊच नाही, तेव्हा उठून जावं असं एकदा वाटलं. पाय जड होते, म्हणून बसून राहिले. ताट आलं. शेजारच्या बाईंचा हात सवयीनं पुढे आला होता.

"थांबा की जरा," मी म्हणाले.

त्यांनी हात मागे घेतला. मी एक तुकडा उचलला. तो वर यायच्या आधीच माझं तोंड उघडलं होतं.