बिनचूक पानं

माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरलेला. ते जिला लागतं अशी कोल्हापुरात एकच बाई आहे. मंगळवार पेठेत तिचं टायपिंगचं दुकान आहे, लग्नपत्रिका, अर्ज, भाडेकरार असलं काम चालतं. माझी सगळी पुस्तकं तिच्याच बोटांखालून गेली, पण त्यांच्याबद्दल तिनं कधी अवाक्षर काढलं नाही. एकदा मीच लाज सोडून विचारलं, "कशी वाटली गोष्ट?"

"मी वाचत न्हाय बाई," ती म्हणाली. "अक्षरं बघायची, बोटं चालवायची. वाचाय लागलं की चुका हुत्यात."

घ्या! रागच आला मला. पण काम तिलाच देत राहिले. तिच्या कामात चूक म्हणून सापडायची नाही.

या नव्या कादंबरीनं मात्र जिवाला घोर लावला होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर निवांत लिहीन म्हटलं, तर तीन वर्षं नुसती खाडाखोड. शेवटी ठरवलं, ही जमली नाही तर लिहिणं बंद. रंकाळ्यावर फेऱ्या मारायच्या, भेळ खायची, गप्प बसायचं.

टाइप केलेली पानं आली, तशी मी चष्मा लावून तपासायला बसले. पहिली चाळीस पानं स्वच्छ. एक वेलांटी इकडची तिकडे नाही. एरवी खूश झाले असते, पण तिचं ते बोलणं आठवलं. म्हणजे आजवरची माझी सगळी पुस्तकंही अशीच बिनचूक गेली होती की!

एक्केचाळिसाव्या पानावर माझी कादंबरीतली म्हातारी भांडून घर सोडते आणि कुरुंदवाडच्या एसटीत बसते. तिथं एक ओळ दोनदा पडली होती. पुढच्या पानावर अख्खा परिच्छेद गायब. मग काय, चुकाच चुका! शेवटच्या प्रकरणात तर पानांना आकडेसुद्धा घातले नव्हते. मी उठून टाळ्या पिटल्या. आतून नवरा धावत आला, हिला काय झालं म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, तर ती मान वर करेना.

"लई घाण झाली बाई. समदं परत करून देते. म्हातारी एसटीत बसली आणि माझं डोळं फुडं पळालं, बोटं मागं राहिली."

"आणि पहिली चाळीस पानं?"

"ती ब्येस झाल्यात की. एक चूक न्हाय."

ती चाळीस पानं मी घरी नेऊन फाडली. फाडताना जीव तुटला, खोटं कशाला सांगू? महिनाभर खपून नव्यानं लिहिली आणि म्हातारीला पहिल्याच पानावर पिशवी भरायला लावली.

परवा नवी पानं मिळाली. घरापर्यंत धीर कुठला, दुकानाच्या पायरीवरच उघडली. तिसऱ्या पानावर दोन ओळी गायब होत्या. मी तिथंच बसकण मारली आणि दोघींना चहा सांगितला. रंकाळ्यावरच्या फेऱ्या लांबणीवर पडल्या.