आईनं सिस्टरला विचारलं

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दुष्काळ हटत नव्हता. आई उदगीरच्या दवाखान्यात होती. तिथली एक सिस्टर टँकरच्या पाण्यात कापूस भिजवून आईचे ओठ ओले करायची. बोलायची ती खाटेवर बसूनच.

एका दुपारी आईनं माझ्यासमोर तिला विचारलं, "मी घरी जाईन का गं?"

मी घाईनं म्हणालो, "पुढच्या आठवड्यात जाऊ."

सिस्टरनं आईचा हात धरला. "न्हाई, मावशी. पण दुखलं की मला हाक मारा."

बाहेर येऊन मी तिच्यावर चिडलो. ती शांतपणे म्हणाली, "त्यांना ठाऊक हाय, दादा. पोराला कसं सांगू, असं रोज मला इचारायल्यात. आजचं इचारणं तुमच्यासाठी होतं."

आत जाऊन मी आईच्या उशाशी बसलो. तिनं मला रडू दिलं.