साडूंची सहा फुटी टाकी

जगातली माणसं माशांसाठी टाकी घेतात. माझ्या थोरल्या साडूंनी पाइपांसाठी टाकी घेतली आणि मासे केवळ लोकलज्जेस्तव सोडले. औषधांच्या कारखान्यात जन्मभर पाइपफिटर म्हणून काढलेला हा गृहस्थ कुणाच्याही घरी गेला, की यजमानांची विचारपूस करण्याआधी बेसिनखाली वाकून बघतो. माझ्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा ते कार्यालयाच्या गच्चीवर बॉलकॉक दुरुस्त करत होते.

निवृत्तीनंतर त्यांनी भांडुपच्या दोन खोल्यांत सहा फुटी काचेची टाकी बसवली. त्यापायी सोफा गेला, शोकेस गेलं. मेहुणी राहिली, हे तिच्या स्वभावाचं श्रेय. खालच्या कपाटात दुसरी टाकी. वरचं पाणी पाइपातून तिच्यात उतरणार, स्पंजातून आणि सच्छिद्र कड्यांमधून गाळलं जाणार आणि पंपाने पुन्हा वर जाणार. त्या कड्यांवर पाणी शुद्ध राखणारे जिवाणू वाढायला सव्वा महिना लागला. तोवर ते पाहुण्यांना नुसतं पाणी दाखवत. मासे कुठे आहेत, असं कुणी विचारलंच तर म्हणत, "मासे काय, कोणीही आणतो."

शेवटी मासे आले, आणि त्याच रविवारी दुपारी मीटरच्या कामासाठी बिल्डिंगची वीज बंद झाली. पंप थांबला आणि वर चढवलेलं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली येऊ लागलं. असं होऊ नये म्हणून पाइपाला पाण्याच्या पातळीजवळ हवा घ्यायला एक बारीक भोक ठेवतात. एवढ्या अनुभवी माणसाकडून नेमकं तेच राहून गेलं होतं. खालची टाकी भरून वाहिली, हॉल भरला आणि खालच्या मजल्यावर एकटे राहणाऱ्या निवृत्त मास्तरांच्या गादीवर धार लागली. मी त्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. माझ्या हाती पोचा आला.

मास्तरांच्या रागाला सगळी बिल्डिंग वचकून असे. ते तणतणत वर आले. साडूंनी वाद घातला नाही. मान खाली घालून म्हणाले, "चूक माझी, मास्तर. एक भोक राहिलं."

मास्तर दारातच थबकले. "कुठलं भोक?"

हा प्रश्न साडूंना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला पोचा बाजूला ठेवावासा वाटला. घोटाभर पाण्यात उभं राहून त्यांनी तासभर समजावलं आणि मास्तरांनी तितक्याच पाण्यात उभं राहून ऐकलं. गादीचा विषय निघालाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर रोज चारला वर येऊ लागले. पाण्याच्या तपासणीची वही त्यांनी सुरू केली. दोघं भांडतही. "गप रवा मास्तर, पाणी काय सांगता ता आयका," असं साडू मालवणीत दटावत, आणि मेहुणी आतून म्हणे, की इतकी वर्षं माझं ऐकलं असतं तर संसार सोन्याचा झाला असता.

गेल्या दिवाळीत मास्तरांचा मुलगा त्यांना नाशिकला घेऊन गेला. तेव्हापासून दुपारी चारला साडूंचा मला ऑफिसात फोन येतो. ते पाण्याची खबर देतात, मी हं हं करतो. एकदा सहज म्हटलं, "पण भाऊ, पंपाचा प्रवाह कमी का केलात?" पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "तू रविवारी ये. फोनवर नाही सांगता येत."

आता दर रविवारी जातो. मला त्यातलं अजून फारसं कळत नाही. पण विचारत राहतो.