खुर्चीच्या लाल फिती

ती सकाळ आठवली की अजूनही माझी मान खाली जाते. भिवंडीजवळच्या एका पोलीस ठाण्यात मी बरीच वर्षं सफाईचं काम केलं. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे महिला शिपाई एकच होती. ती रजेवर असताना चौकशीला बाई आणली, की साहेब मला तिच्याजवळ बसवायचे. म्हणून हे प्रकरण मी जवळून पाहिलं.

खबऱ्याने सांगितलं, पूर्णा गावच्या एका भंगार गोदामात चोरीचा लष्करी माल उतरलाय. छापा पडला. लढाऊ विमानाची खुर्ची मिळाली. पंचनामा करून ती ठाण्याच्या मागच्या पडवीत ठेवली आणि विमानदलाला कळवलं. हवालदारांनी बजावलं, कुणी हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठ साहेबांची तपासणी होती. मी पडवी धुवायला घेतली. खुर्चीला तीन तेलकट लाल फिती लोंबत होत्या. त्यांच्यावर इंग्रजी अक्षरं, टोकाला खुर्चीत खोचलेल्या पिना. मला फक्त मळ दिसला. तिन्ही पिना ओढून फिती मोरीतल्या बादलीत साबणाच्या पाण्यात भिजवल्या, खुर्ची पुसून लख्ख केली.

थोड्या वेळाने बजावणारे हवालदारच तिच्यावर बसले. दोन मांड्यांमधल्या पिवळ्या-काळ्या कडीवर हात ठेवून म्हणाले, "मावशी, घरी निरोप द्या, हवालदार दिल्लीला गेले!" मीही हसले.

दुपारी विमानदलाचे तंत्रज्ञ आले. ते पडवीच्या दारातच थांबले. "पिन किसने निकाली? सब बाहर जाओ!"

मग त्यांनी समजावलं. विमान पडायला लागलं की वैमानिक ती कडी ओढतो. खुर्चीखालचं काडतूस उडतं आणि खुर्ची त्याच्यासकट वर फेकली जाते. जमिनीवर असताना हे होऊ नये म्हणून पिना. चोरीच्या मालातलं काडतूस कुणीच काढलं नव्हतं. सकाळी कडी ओढली गेली असती, तर हवालदार छपरावर आपटले असते. पिना गोदामातच निघाल्या असणार, असं साहेबांनी धरलं.

गोदामवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "साब, छँटाई तो वो औरत करती है." भंगार निवडायला दिघाशीहून मजुरीला येणाऱ्या बाईला आणलं. मला तिच्याशेजारी बसवलं.

"पिना कुठे विकल्यास?"

"सायेब, मी न्हाय काढल्या. लाल कापड बांधलेल्या चीजेला आमी हात न्हाय लावत. ती देवाची असते."

"भंगारात देव?"

"असंल तर?"

सगळे हसले. मी हसले नाही, पण बोललेही नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. तरी त्या फितीचं म्हणणं तिला कळलं होतं. तासभर तेच प्रश्न चालले. तिच्या अंगावर दूध पिणारं पोर घरी होतं. छातीशी पदर ओला झाला, तो ती हाताने झाकत होती. माझी नोकरी रोजंदारीची, एवढंच माझ्या डोक्यात.

"हिलाही आरोपी करा," साहेब बाहेर जाताना म्हणाले. तेव्हा मी उठले. मोरीतली बादली उचलून त्यांच्या खोलीत नेली.

साहेबांनी बादलीत पाहिलं, मग माझ्याकडे. "कधी काढल्या?"

"सकाळी."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. तंत्रज्ञांनी पिना परत बसवल्या, मग काडतूस काढलं. बाईला फक्त सांगितलं, पिना मिळाल्या, जा.

फाटकापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. सांगायचं ठरवलं होतं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "ताय, तू बाजूला व्हतीस म्हनून मना भ्या न्हाय वाटला."

मी म्हटलं, "सांभाळून जा."

चौकशीत साहेबांनी मलाही एकदा विचारायला हवं होतं, असं मी पुष्कळ दिवस मनाशी म्हणत राहिले. पण ज्याला ठाऊक आहे, त्याला कुणी विचारायची गरज नसते.