वाढत्या अंगाचं पुस्तक

माझा धाकटा भाऊ जुन्या जालन्यात लहान मुलांच्या रेडिमेड कपड्यांचं दुकान चालवतो. शाळेचे गणवेश हा त्याचा मुख्य धंदा. जून तोंडावर आला की दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि दिवसभर त्याच्या तोंडी एकच वाक्य असतं, "एक साइज मोठी घ्या ताई, वाढतं अंग हाय." पोरगं शर्टात बुडून जातं, बाह्या बोटांच्याही खाली लोंबतात, आई मात्र खूश! आमच्याकडे लेकराला बराबर मापाचं कुणी घेतच नाही. चप्पल घेतली तरी पुढे कापूस कोंबायचा आणि म्हणायचं, चला, पुढच्या सालची चिंता मिटली. मी स्वतः माझं अर्धं लहानपण ढगळ्या फ्रॉकात काढलंय, त्यामुळे या रीतीबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती ही की, त्यानं हीच रीत पुस्तकांना लावली.

मी परतूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत भावाकडे राहायला जाते. एरवी मी रिक्षातून उतरले की त्याची पोरगी, माझी भाची, पळत येऊन कमरेला मिठी मारते. गेल्या उन्हाळ्यात ती चौथी पास होऊन पाचवीत जाणार होती. मी पोचले तर ही स्वयंपाकघराच्या दारामागे उभी. मला वाटलं मोठी झाली, लाजत असेल.

चहा संपायच्या आत भावानं मला कपाटाकडे नेलं. "अक्का, हे बघ. सगळं पोरीसाठी." थोरामोठ्यांची जाडजूड चरित्रं, विज्ञानाचे ठोकळे, एकात औषधाला चित्र नाही. "आता कालेजात जाईस्तोवर बघायला नको," म्हणाला. मंग पोरीला हाक मारली. "आत्याला वाचून दाखव गं."

तिनं एका शास्त्रज्ञाचं चरित्र उघडलं आणि घडाघडा वाचलं. कुठं अडली नाही, कुठं थांबलीही नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं एका दमात पार. भावाचा चेहरा असा फुलला होता की, काही विचारावंसं वाटेना. तो दुकानात गेल्यावर मी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "काय झालं गं त्या पानावर?"

ती नख कुरतडत बसली.

"बरं, 'व्यासंग' म्हणजे काय?"

तिचे डोळे भरून आले. "आत्या, मला वाचता येत न्हाई. नुसतं म्हणता येतं. पप्पांना सांगू नको ना."

अगं बाई! एवढंसं लेकरू आणि हा केवढा भार. शाळेच्या पुस्तकपेटीला हात लावणंही तिनं सोडलं होतं. मी ढ आहे, मला कळत नाही, हे तिचं पक्कं झालं होतं. पोरं पुस्तकापासून कशी तुटतात ते मी शाळेत बघत आलेय. एकदा तुटली की पुन्हा जोडायला फार कठीण जातं. आता आमच्याच घरात तेच होत होतं. मला आधी रडू आलं, मंग राग आला. माझा राग तसा प्रसिद्धच आहे.

संध्याकाळी भावाला धरलं. पोरीनं काय सांगितलं ते बोलले नाही, पण बाकी काही ठेवलंही नाही. "तुला काही अक्कल आहे का? तिच्या वयाला ही पुस्तकं?"

"मी काय घाण घेऊन राह्यलो का पोरीसाठी?" तोही तापला. "आज न्हाई कळलं तर उद्या कळंल. पुस्तक काय आंबतंय का?"

"अरे, मोठ्या शर्टात लेकरू हात-पाय तरी हलवतं. मोठ्या पुस्तकात गुदमरतं ते!"

"मास्तरीण झाली म्हणून तुला सगळ्यात खोट दिसती. पातळ पुस्तकं घ्यायची, त्यात नुसती चित्रं. फुकटचा खर्चा." आणि टीव्हीचा आवाज वाढवून बसला. घ्या! बहिणीशी बोलणं संपलं की टीव्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मी भाचीला घेऊन पुस्तकांच्या दुकानात गेले. वाटेत तिला माझ्या वर्गातली रीत सांगितली. पुस्तक मधूनच उघडायचं, एक पान मनात वाचायचं. शब्द अडला, किंवा वाचता आला पण कळला नाही, की एक बोट मिटायचं. एक-दोन बोटं मिटली तर पुस्तक आपलं. पान संपायच्या आत मूठ झाली तर ते सध्या आपलं नाही, कुणाशेजारी बसून वाचावं, नाहीतर ठेवून द्यावं.

सवयीनं तिनं आधी जाडच उचललं. अर्ध्या पानात मूठ झाली. तिनं घाबरून माझ्याकडे बघितलं. "ठेव," मी म्हटलं. "कुठं पळून जातंय ते?"

बऱ्याच वेळानं तिला एक पातळ पुस्तक सापडलं. आठवडी बाजारात एका मुलीची शेळी हरवते, अशी गोष्ट. एकच बोट मिटलं, 'दावं' या शब्दाला. दावं म्हणजे जनावर बांधायची दोरी, मी सांगितलं. पान उलटलं आणि ती हसली. मुकाट्यानं वाचताना, आपलं आपण! तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "बाई, ते दुसरीच्या लेकरांचं आहे." पोरीनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"तिचं माप तिला बघू द्या की जरा!" मी असं म्हटलं की, दुकानदारानं पुस्तक उचलून पुन्हा तिच्या हातात दिलं. तशीच आणखी दोन पुस्तकं आम्ही घेतली.

दुपारी ती कूलरसमोर पालथी पडून वाचत होती. जेवायला बोलावलं तरी उठेना. तेवढ्यात भाऊ जेवायला आला. त्यानं पुस्तक बघितलं आणि म्हणाला, "हे काय, बालवाडीचं?"

मी तोंड उघडणार होते. पण पोरगीच उठली. कपाटातून ते शास्त्रज्ञाचं चरित्र काढलं आणि बापापुढे धरलं. "पप्पा, एक पान वाचा. मनात. न्हाई कळलं की बोट मिटायचं."

"जल्दी हाय मला," म्हणत तो हसत बसला. चष्मा लावला. पण धंद्यात आणि पोरीशी तो खोटं बोलत नाही, हे मात्र खरं. एक बोट मिटलं. थोड्या वेळानं दुसरं. मंग त्याचं हसू गेलं. पान निम्मं राहिलं होतं आणि त्याची मूठ मांडीवर पडली होती.

दहावीनंतर वडिलांनी त्याला दुकानात बसवलं होतं. त्यानंतर त्याच्या हातात पुस्तक मी कधी पाहिलं नव्हतं.

मंग तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "अक्का, मला आजवर वाटायचं, मलाच वाचता येत न्हाई."

लहान भाऊ माझा. मला एकदम त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण पोरगी आधी पुढं झाली. त्याच्या हातातलं जाड पुस्तक काढून घेतलं, आपलं शेळीचं पुस्तक त्याच्या हातात ठेवलं आणि अगदी गल्ल्यामागून गिऱ्हाइकाशी बोलावं तशी म्हणाली, "हे घ्या. हे बराबर मापाचं हाय."

त्या दुपारी दुकान उघडायला त्याला उशीर झाला. शेळी सापडते का, ते बघितल्याशिवाय तो उठेना.