चार कॅमेरे आणि एक म्हैस

कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की फॉरमॅट करता येतं. किश्श्यांचं तसं नाही. ते साठतच जातात, आणि ज्या दिवशी फोटो धड येत नाहीत, त्या दिवशी तर जास्तच! आमच्या नाशिकच्या कॅमेरा क्लबात कुणालाही विचारा, "नांदूरला काय मिळालं?" दोन पक्ष्यांची नावं कशीबशी सांगतील आणि मग खुर्ची पुढे ओढतील. "अहो, ते सोडा. त्या दिवशी काय झालं..."

मीही तेच करणार आहे.

थंडीतला रविवार होता. नांदूर मधमेश्वरला पाणथळीत या दिवसांत कुठून कुठून पक्षी येतात. ग्रुपवर "नक्की येणार" म्हणणारे पुष्कळ होते, पण पहाटे द्वारका चौकात हजर झालो आम्ही चौघंच. अध्यक्ष निकम काका, सिन्नरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आणि नियमांचे पक्के. वैशाली, दातांची डॉक्टर. बाळासाहेब, दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार. त्यांची जीप आणि त्यांची लेन्स, दोन्ही क्लबात सगळ्यात मोठ्या. आणि मी, मनीषा. माझा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ आहे. त्यामुळे समोर बगळा आला तरी माझ्या तोंडून "हनुवटी थोडी खाली" निघतं, असं हे लोक सांगत फिरतात. साफ खोटं आहे. एकदाच निघालं होतं.

*

काका त्या दिवशी नवा ड्रेस घालून आले होते. मिलिटरीसारखा, हिरव्या-मातकट ठिपक्यांचा. टोपी तशीच, मोजे तसेच, कॅमेऱ्यालाही तसलंच कापड गुंडाळलेलं. वाटेत चहाच्या टपरीवर एकाने त्यांना कडक सॅल्यूट ठोकला.

"साहेब, पोस्टिंग कुठे?"

"नांदूर," काका गंभीरपणे म्हणाले.

पोचल्यावर त्यांनी नियम सांगितला. "आवाज नाही, हालचाल नाही!" आणि ते काठच्या उंच गवतात शिरले. आम्ही आपापल्या जागा धरल्या. धुकं विरलं, ऊन वर आलं, आणि वैशाली कुजबुजली, "काका कुठेत?"

हाक मारावी तर नियम! फोन केला, तो सायलेंटवर. शेवटी तिघं काठाने शोधत निघालो. चिखलात पावलं उमटली होती आणि ती सरळ पाण्याकडे गेली होती. वैशालीचा चेहरा उतरला. काकांना पोहता येत नाही, हे तिघांनाही माहीत होतं. बाळासाहेबांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चार पावलं पुढे गेले आणि नियमबियम विसरून बोंब ठोकली, "काकाऽऽ!"

"अरे ओरडतोस काय? आधी पाय काढ माझ्या हातावरून!"

काका बाळासाहेबांच्या पायाशीच पालथे पडलेले होते. उठले, हात चोळला. आता आमची खैर नाही, असं मला वाटलं. पण काका एकदम हळू आवाजात म्हणाले, "खरंच दिसलो नाही?"

"आजिबात नाय!"

"अजिबात?" काकांचा चेहरा उजळला. "मग ड्रेस पास!"

*

वैशाली फोटोपेक्षा प्रश्न जास्त काढते. समोर एका राखी बगळ्याने हाताएवढा मासा पकडला. आम्हा तिघांचे कॅमेरे कडकडायला लागले. ही मात्र कॅमेरा मांडीवर ठेवून नुसती बघत बसली.

"त्याने मासा फिरवला, बघितलंत? आधी चोचीत आडवा होता. मग उडवून फिरवला आणि डोक्याकडून गिळला. शेपटीकडून का नाही?"

"सवय असेल," काका म्हणाले.

"सगळ्यांना तीच सवय कशी?"

झालं! पुढचा सगळा वेळ आम्ही फोटो सोडून बगळ्यांच्या चोचीकडे बघत होतो. एकाने गिळला, डोक्याकडून. दुसऱ्याने गिळला, डोक्याकडून. एकाचा मासा उलटा अडकला, तर त्याने तो पाण्यात टाकला, पुन्हा उचलला, फिरवला, मग गिळला. वैशाली जागच्या जागी उड्या मारायची बाकी होती.

"माशाचे पर आणि खवले मागे झुकलेले असतात ना, उलटं गिळलं तर घशात उभे राहणार!" ती म्हणाली. "म्हणजे मला तसं वाटतं. खात्री करायला पाहिजे."

खात्री कशी करायची, हे कुणालाच सुचेना, म्हणून आम्ही डबे उघडले. बाळासाहेबांच्या डब्यात तळलेले छोटे मासे होते. त्यांनी एक उचलला, तोंडाजवळ नेला, आणि त्यांच्या लक्षात आलं की आम्ही तिघं टक लावून बघतोय.

ते थांबले. मासा फिरवला. आणि डोक्याकडून सुरुवात केली!

*

बाळासाहेबांचं पक्ष्यांशी नातं जरा गुंतागुंतीचं आहे. द्राक्षात गोडी भरायला लागली की ते बागेत डबे वाजवतात, चमकीच्या पट्ट्या बांधतात, गोफण फिरवतात. पाखरू बसू देत नाहीत. आणि रविवार उजाडला की त्याच पाखरांसाठी चिखलात लोळतात. वहिनी म्हणतात, "आठवडाभर हाकलायचे आन रविवारी हुडकायला जायचं! एका जागी बसून ठरवा ना काय ते."

जेवणानंतर भोरड्यांचा थवा आला. हजारो पक्षी, सगळे एकदम वळतात, एकदम खाली येतात. समोरच्या बाभळींवर तो असा उतरला की झाडं काळी दिसायला लागली. काका पुटपुटले, "कोणी श्वाससुद्धा घेऊ नका."

आणि माझ्या कानाशी आवाज फुटला, "हाऽऽऽ! हुर्रर्र!"

बाळासाहेब उभे होते. एका हातात ती भलीमोठी लेन्स, दुसऱ्या हातात ढेकूळ. त्यांनी ते भिरकावलंसुद्धा! थवा उठला, आमच्या डोक्यावरून गेला, दिसेनासा झाला.

"माफी असावी," बाळासाहेब खरोखर ओशाळले होते. "हात आपोआप गेला. एवढे भोरडे बघितले ना, की मला बागच दिसती."

काका लाल झाले. पक्ष्यांना त्रास देणाऱ्याचं सदस्यत्व रद्द, हा नियम त्यांनीच लिहिलेला. ते बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची नजर स्वतःच्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर गेली. थवा उठतानाचा फोटो होता. पंख न् पंख सुटा, मागून ऊन.

काका बराच वेळ बघत राहिले. मग इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "बाळासाहेब, ते परत येतील का हो?"

*

काठावर सगुणाबाई नावाच्या आजी म्हशी घेऊन आल्या होत्या. बराच वेळ आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "बाई, माझ्या म्हशीचा काढती का येक? माझी लेक सिन्नरला दिलीय. तिनंच वाढवली हिला. रोज फोन करती, माझी इचारपूस नाय, आधी म्हशीची!"

"काढते की. कुठली?"

त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. पाण्यावर दोन शिंगं आणि दोन नाकपुड्या तरंगत होत्या.

"येईल बाहेर," आजी म्हणाल्या. "तिच्या मनात आलं की."

कसं कोण जाणे, पण आम्ही चौघंही बसलो. चार तिपायांवर चार लेन्स, सगळ्या त्या शिंगांवर. मला स्वतःला खूप उत्सुकता होती, ही पाण्याखाली दिसते तरी कशी? म्हैस मधूनच एक डोळा उघडायची, आम्हाला बघायची, मिटायची. वैशालीने विचारलं, "आजी, तिला नाव आहे?" आजी म्हणाल्या, "हाय ना. हरणी."

शेवटी हरणी हलली. पाणी निथळत, चमकत, सावकाश काठाकडे निघाली. नेमकी तेव्हाच वैशाली किंचाळली, "वर बघा, रोहित!"

गुलाबी पंखांची अख्खी रांग आमच्या डोक्यावरून चालली होती. ज्यांच्यासाठी आम्ही पहाटे उठलो होतो, ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो! काकांची मान वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली.

"म्हैस चुकवू नका!" ते ओरडले. "ती परत आत जाईल!"

रोहित गेले. हरणीचा फोटो मात्र उत्तम आला. मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनचाच फोनने फोटो काढून आजींच्या लेकीला पाठवला. लगेच तिचा फोन आला. आजींनी तो स्पीकरवर घेतला. आम्ही चौघं कौतुकासाठी कान देऊन उभे.

पलीकडून लेक म्हणाली, "आये, बारीक केलीस गं तिला!"

*

त्यानंतर त्या लेकीचे माझ्या फोनवर सारखे फोन यायला लागले. हरणीचे खूर दाखवा, डावी बाजू दाखवा. काकांनी वैतागून सगळ्यांचे फोन पिशवीत घातले, पिशवी जीपमध्ये ठेवली, आणि आम्ही निरीक्षण मनोऱ्यावर चढलो.

मनोऱ्यासमोर पाण्यात एक सुकलेला खुंट आहे. तिथे खंड्या येऊन बसतो. सगळ्यांना मिळालाय, काकांना कधीच नाही. एक तर तो काका यायच्या आधी उडतो, नाहीतर काका निघाल्यावर बसतो. क्लबाच्या प्रदर्शनात अध्यक्षांचा खंड्या नाही, हे त्यांना फार लागून राहिलं होतं. त्यांनी कॅमेरा तिपाईवर लावला, खुंटावर फोकस धरला, वायरचं बटण हातात घेतलं आणि दगडासारखे बसले.

खंड्या आला. निळा, लखलखीत. खुंटावरून एक गिरकी घेतली आणि सरळ आत येऊन काकांच्या लेन्सच्या टोकावर बसला. काकांकडे तोंड करून!

काकांच्या आणि त्याच्या नाकात वीतभर अंतर. काका डोळेसुद्धा मिटेनात. ओठ न हलवता म्हणाले, "कोणीतरी काढा."

आम्ही तिघांनी कॅमेरे वळवले. सगळं धूसर! लांबच्या पक्ष्यांसाठी घेतलेल्या लेन्स. हाताच्या अंतरावरचं त्यांना दिसेच ना. मागे सरकावं तर फळी वाजणार. फोन जीपमध्ये. बाळासाहेब लेन्स फिरवून फिरवून घामाघूम झाले. "माझ्या आईसारखं झालंय हिचं," ते कुजबुजले, "जवळचं काय दिसत नाय!"

खंड्याने मान वाकडी करून काकांना नीट न्याहाळलं. काकांचं बोट बटणावर दाबलं गेलं. खट्! तरी तो बसून राहिला. मग उडाला.

काकांच्या कॅमेऱ्यात एकच फोटो होता. सगळी चौकट भरून चॉकलेटी धुरकट रंग, कोपऱ्यात जरासा काळसर. लेन्ससमोर लोंबणारं खंड्याचं पोट आणि शेपूट.

पुढच्या मासिक बैठकीला पुण्याहून परीक्षक आले होते. काकांनी तोच फोटो दिला, नाव 'खंड्या'. पडद्यावर चॉकलेटी रंग पसरला. परीक्षकांनी चष्मा पुसला, पुढे वाकून सगळे कोपरे तपासले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "प्रयत्न प्रामाणिक आहे. पण पक्षी फारच लांब असावा. काका, अजून थोडं जवळ जायला हवं होतं."

काका उठून उभे राहिले. हात जोडले.

"बघतो," म्हणाले.